‘पोरगा हाये, त्याले काय होते?’

नमस्कार ताई,

आम्ही दक्षिण नागपुरात राहतो. मी, हे, सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. ह्यांचा मामेभाऊ स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दोन वर्षं आमच्याकडे होता. मुलाचं गणित तोच घ्यायचा, सासूबाईंची औषधं आणायचा, घरात सगळ्यांचा लाडका. मे महिन्यात एका रात्री मुलानं मला सांगितलं, की काका अभ्यासाच्या वेळी कपड्यांवरून नको तिथे हात लावतो. वर्षभर हे चाललं होतं. ह्यांनी त्याच दिवशी त्याला मारून घराबाहेर काढलं. तेव्हापासून घरात या विषयावर कोणी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, ‘पोरगा हाये, त्याले काय होते? वरून वरून हात लावला, त्याचा एवढा तमाशा कायले?’ हे तर मुलाकडे नजर उचलून पाहत नाहीत. मुलगा अंथरूण ओलं करतो, गणिताचं पुस्तक उघडत नाही. पोलिसांत गेलो तर दहा जण दहा वेळा विचारतील, नातेवाइकांत नाव जाईल, अशी भीती वाटते. कोर्टकचेरी न करता नागपुरात मदत मिळेल अशी जागा आहे का? आणि तान्हा पोळा आलाय. दरवर्षी तो लाकडी नंदी घेऊन सगळ्या कॉलनीत फिरतो. यंदा त्याला दाराबाहेर सोडायची माझी हिंमत नाही. मी आई म्हणून कमी पडले. नाव छापू नका.

– एक आई

—

तुमचं नाव छापायचा प्रश्नच नाही. पत्रातले काही तपशीलही मी बदलले आहेत, कारण अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला कायद्यानं बंदी आहे. पाकिटावर तुम्ही पत्ता लिहिला नव्हता. लिहिला असता तर हे मलाही पोलिसांना कळवावं लागलं असतं, आणि तुम्हाला सांगूनच मी ते केलं असतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी बाजू माहीत असेल.

‘कमी पडले’ हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, त्यातलं एकदा खोडलंय. वर्षभर गप्प राहिलेलं पोर एका रात्री बोललं, ते तुमच्याजवळ. तुम्ही ‘काहीतरीच काय बोलतोस’ म्हटलं नाही, आणि तो माणूस त्याच दिवशी घराबाहेर गेला. सोळा वर्षं समुपदेशक म्हणून मी अशा घरांमध्ये बसले आहे. पहिल्यांदा सांगितल्यावर ज्यांना थोबाडीत बसली, अशी मुलं पुढं कित्येक वर्षं कोणालाच काही सांगत नाहीत. तुमच्या मुलाच्या वाट्याला ते आलं नाही. तुमच्या लक्षात आधी का आलं नाही? तर ते येऊ नये, याची तो माणूस रोज काळजी घेत होता म्हणून. फुकट गणित शिकवणं, म्हातारीची औषधं आणणं, हा सगळा त्या काळजीचाच भाग असतो. ही माणसं आधी आईबापांचा विश्वास कमावतात आणि मग मुलाकडे वळतात.

आता सासूबाई. ‘पोरगा हाये, त्याले काय होते’ हे मी झोपडपट्टीतही ऐकलंय आणि धरमपेठेतल्या फ्लॅटमध्येही. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलगे होते ५२.९४ टक्के. म्हणजे मुलींपेक्षा थोडे जास्तच. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात १८ वर्षांखालचं कोणीही ‘बालक’, मग मुलगा असो की मुलगी.

आणि ‘वरून वरून’चं म्हणाल, तर हा वाद आपल्याच गावात होऊन गेलाय. नागपुरातल्या एका १२ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं म्हटलं होतं, की कपड्यांवरून हात लावला आणि कातडीचा कातडीला स्पर्श झाला नाही, तर तो पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही. देशभर गदारोळ झाला. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू पाहायचा, असं स्पष्ट सांगितलं. सासूबाईंशी वाद घालताना हे वापरा असं मी म्हणत नाही, पण तुमच्या स्वतःच्या मनात ‘खरंच एवढं मोठं आहे का’ अशी पाल चुकचुकत असेल, तर तिच्यासाठी हे सांगितलं.

सासूबाईंना मात्र खलनायिका करू नका. तो त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्यांच्यासाठी हे प्रकरण म्हणजे या वयात माहेरचं दार बंद होणं. यंदाच्या राखीला त्या भावाकडे गेल्या की नाही हे तुम्ही लिहिलं नाही, पण ती राखी त्यांच्या डोक्यात असणार. त्यांचं दुःख खरं आहे. फक्त ते दुःख नातवानं उचलायचं नाही, एवढी एक रेघ घरात आखून घ्या. ‘काका चुकला, माफ कर त्याला’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडता कामा नये.

तुमचा मुख्य प्रश्न होता, कोर्टकचेरी न करता मदत मिळेल का. मनासाठीची मदत मिळेल, त्याबद्दल पुढं लिहिते. पण गुन्हा घडल्याचं माहीत असून न कळवणं हा पोक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या समुपदेशकाकडं किंवा डॉक्टरकडं तुम्ही जाल, त्यांनाही कळवावंच लागेल. आपसात मिटवायची तरतूद या कायद्यात नाही. कलमं बाजूला ठेवा आणि एवढंच स्वतःला विचारा: तो माणूस आता कुठं राहतो? परीक्षेची तयारी तर चालूच असेल, म्हणजे कुठल्यातरी नातेवाइकाच्या नाहीतर ओळखीच्या घरी खोली मिळाली असेल. त्या घरात कोणाचं तरी गणित कच्चं असेल. तुम्ही त्याला तुमच्या दारातून बाहेर काढलंत. पुढच्या दाराला मात्र काही माहीत नाही.

म्हणून कळवा. त्यासाठी थेट ठाण्यातच जायला हवं असं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता राज्याचा महिला व बालविकास विभाग चालवतो आणि ती ११२ शी जोडलेली आहे. आधी नाव न सांगता नुसती चौकशी केलीत तरी चालेल. दुसरा रस्ता नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलचा. तो २०१७ पासून बायका-मुलांच्या तक्रारींसाठीच आहे आणि तिथं समुपदेशकही असतात. ठाण्यातच जायचं झालं तर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, एवढं विचारा. प्रत्येक ठाण्यात एक असावा लागतो. ‘घरचा मामला आहे, घरात मिटवा’ म्हणून परत पाठवलं, तर तक्रार नोंदवून न घेणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, हे शांतपणे सांगा. मला एकदा एका ठाण्यात एका आईबरोबर तीन तास बाकावर बसवून ठेवलं होतं. हे वाक्य उच्चारल्यावर दहा मिनिटांत कागद पुढं आला. त्यामुळे सोबत कोणीतरी खमकं घेऊन जा.

दहा जण दहा वेळा विचारतील, ही भीती अगदीच खोटी नाही. पोलिसांसमोर, दंडाधिकाऱ्यांसमोर आणि पुढं न्यायालयात, असं तीनदा तरी त्याला सांगावं लागेल. डॉक्टरही विचारतील. मात्र विचारायचं कसं, यावर कायद्यानं बरीच बंधनं घातली आहेत. पोलीस मुलाचा जबाब तुमच्या घरी किंवा तो म्हणेल तिथं घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, आणि गणवेशात नाही. जबाबाच्या वेळी तुम्ही जवळ बसायचं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात सुनावणी बंद दाराआड होते, आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नसतो, वकिलाला त्याच्यावर ओरडता येत नाही, मध्ये मध्ये सुट्टी द्यावी लागते. साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं. त्याची मनाची तयारी ठेवा, म्हणजे दर तारखेला नव्यानं खचायला होणार नाही.

पोलिसांनी २४ तासांत हे प्रकरण बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. ‘समिती’ म्हटलं की पोराला उचलून बालगृहात नेतील, असं बायकांना वाटतं. तुमच्या घरात आरोपी राहत नाही आणि आईबाप मुलाच्या बाजूनं उभे आहेत, तेव्हा मुलाला घरापासून तोडायचं कारण नाही. संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, हे बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे. उलट समितीकडून एक फार कामाची गोष्ट मिळते आणि ती मागून घ्या: ‘सहायक व्यक्ती’. मुलाच्या आणि तुमच्या संमतीनं नेमलेलं हे माणूस जबाबापासून निकालापर्यंत तुमच्या सोबत असतं. तारीख कधी, डॉक्टरकडं का जायचं, न्यायालयाची खोली कशी दिसते, हे तो मुलाला त्याच्या भाषेत समजावतो. मी पाहिलेल्या घरांत ज्यांना असं चांगलं माणूस मिळालं, त्यांचा अर्धा भार तिथंच हलका झाला. मोफत वकील आणि पीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेची आर्थिक मदत यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. त्यांचा फोन १५१००.

तोवर घरात दोन गोष्टी पाळा. मुलाला पुन्हा पुन्हा ‘नेमकं काय झालं’ विचारू नका, आणि त्याचं बोलणं मोबाइलवर चित्रित करून नातेवाइकांना तर मुळीच पाठवू नका. मे महिन्यातल्या त्या रात्री तो जे बोलला, ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. पुढं ती वही उपयोगी पडेल.

मनाच्या मदतीसाठी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात जा. मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे. ‘मेडिकलच्या त्या ओपीडीत नेलं म्हणजे पोराला वेडा ठरवलं’ असं कोणी म्हणेल, म्हणू द्या. आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. लहान मुलांशी तज्ज्ञ समोरासमोर बसून प्रश्नोत्तरं करत नाहीत. चित्रं, बाहुल्या, माती, खेळ यांतून बोलतात. पहिल्या दोन-तीन भेटींत ‘नुसतं खेळवून पाठवलं’ असं वाटेल. अनेक आईबाप तिथंच सोडून देतात. तुम्ही सोडू नका. अंथरुणाचं डॉक्टरांना वेगळं सांगा, शारीरिक कारण नाही ना हे ते बघतील. घरात मात्र त्यावरून एक शब्द नको, सासूबाईंचाही नको. चादर बदलायची, त्याला हवं तर त्याच्याच मदतीनं, आणि विषय संपला. गणिताला सध्या हात लावू नका. वर्गशिक्षिकेला ‘घरात एक अडचण होती, या सत्रात गणिताला थोडं सांभाळून घ्या’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. शेजारच्या काकूंना तर त्याहूनही कमी.

मुलाच्या वडिलांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाप नजर उचलून पाहत नाही तो स्वतःच्या लाजेपायी. माझ्या घरात, माझ्या भावानं, आणि मला कळलं नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे कसं कळावं? त्याला दिसतं एवढंच, की मी सांगितलं आणि बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. त्याच्या हिशेबात सांगणं ही चूक ठरते. ह्यांना सांगा, की मोठं भाषण द्यायची गरज नाही. जेवताना त्याच्या शेजारी बसा, शाळेत सोडायला जा, आणि कधीतरी गाडीवर पाठमोरं असताना म्हणा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’ पाठमोरं असताना पुरुषांना असं बोलणं जमतं, हा माझा अनुभव. त्या माणसाला परत गाठून मारायचा विचार त्यांच्या मनात असेल तर तो काढून टाका, नाहीतर आरोपी म्हणून हेच उभे राहतील. टेलिमानसचा फोन मुलांसाठीच आहे असं नाही. बापानंही करावा. आईनंही.

धाकट्या मुलीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. ती त्याच घरात होती. तिची चौकशी तुम्ही करू नका, समुपदेशकाला तिलाही भेटू द्या. तिच्या दादाचं काय झालं याचे तपशील तिला नकोत, पण ‘काकानं दादाशी वाईट वागणूक केली, म्हणून तो आता आपल्याकडे येत नाही, दादाची काही चूक नव्हती’ एवढं सहा वर्षांच्या मुलीला कळतं. आणि दोघांसाठी घरात एक नियम करा: मोठ्या माणसानं ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं, की ते आईला सांगायचंच. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श हे शाळेत शिकवतात, पण मुलांना नेहमी वाईट वाटतंच असं नाही, गुदगुल्याही वाटतात, आणि मग ती गोंधळतात. गुपिताचा नियम लहान पोरांना लवकर कळतो. शरीराच्या अवयवांना त्यांची खरी नावं द्या. आणि पाहुण्यांची पापी घ्यायला, मांडीवर बसायला तिला ढकलू नका, पाहुणे रुसले तरी.

कॉलनीसाठीही थोडं करता येईल, पण तुमच्या मुलाचा विषय न काढता, आणि आता लगेच नाही. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ चा शासन निर्णय आहे. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की खरंच बसते, हे पालकसभेत विचारा. प्रभागात बाल संरक्षण समिती असते, नगरसेवकाला तिचंही विचारा. (चेहरा पाहण्यासारखा होतो.) पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती बसतात. मंडळाकडं दहा दिवस चित्रकला, नृत्य, पाककला असतंच. त्यातली एक संध्याकाळ पालकांसाठी मागा. मातृ सेवा संघ १९२१ पासून या गावात बायका-मुलांसाठी काम करतो, त्यांचं समाजकार्य महाविद्यालय आहे, तिरपुडे महाविद्यालयही आहे. तिथले विद्यार्थी क्षेत्रकार्याला वस्त्यांत जातातच. त्यांना बोलवा. पहिल्या वर्षी आठ बायका येतील आणि एकही पुरुष नाही. तरी घ्या.

राहिला तान्हा पोळा. त्याला विचारा, जायचंय का. नाही म्हणाला तर नंदी घरीच सजवा, पूजा करा, ओवाळा आणि बोजारा, म्हणजे नंदी फिरवणाऱ्या पोरांना देतात तो खाऊ-पैसा, आजीच्या हातून द्या. सासूबाईंना तेवढं तरी जमेल. हो म्हणाला तर जाऊ द्या. दर वर्षी ज्या पोरांबरोबर जातो त्यांच्याबरोबरच जाऊ द्या. बोजारा दारात उभं राहून घ्यायचा, कोणी ‘आत ये’ म्हटलं आणि नको वाटलं तर ‘नको’ म्हणून पुढं जायचं, हे सगळ्याच पोरांना मिळून सांगा, त्याला एकट्याला बाजूला घेऊन नको. तुम्ही खिडकीत उभ्या राहाल, हे मला माहीत आहे. ह्यांना सुट्टी असेल, तर त्यांना म्हणावं, लाकडी नंदीचं एक चाक सैल झालंय, ते आदल्या रात्री पोराला घेऊन बसून ठोकून द्या.